सुईच्या बदल्यांत सुई

सुई ही आपल्या घरांतली फार जुनी आणि फार सालस वस्तु आहे. गोधडीचे टांके, सदऱ्याचें तुटलेलें बटण, पायांत रुतलेला कांटा, अशा वेळीं तिची आठवण होते; काम झालें कीं ती पुन्हां आपल्या डबींत जाऊन बसते. माझ्या लहानपणीं या घरगुती सुईखेरीज आणखी एक सुई आमच्या ओळखीची होती. ती आमच्या डॉक्टरांची. त्यांच्या टेबलावर एका चपट्या पेटींत कांचेची पिचकारी आणि दोन-तीन सुया पाण्यांत उकळत असत. त्या पाण्याचा खळखळाट ऐकला कीं आम्हां मुलांच्या पोटांत गोळा उठे. तीच पिचकारी आणि त्याच सुया सकाळपासून रात्रीपर्यंत साऱ्या गल्लीला पुरत. पाणी पुरेसें उकळलें कीं नाहीं, हें पाहण्याचें आम्हांला कधीं सुचलें नाहीं. डॉक्टरांच्या हातावर आमचा विश्वास होता.

त्या उकळत्या पाण्यावर किती जीव अवलंबून असतात, हें पुढें इजिप्त देशाची एक हकीकत वाचतांना मला कळलें. नाईल नदीच्या कांठच्या शेतकऱ्यांना शिस्टोसोमायसिस नांवाचा कृमिरोग फार. तो हटविण्यासाठीं तेथील सरकारनें १९५० च्या सुमारापासून १९८० च्या सुमारापर्यंत गांवोगांव लोकांना इंजेक्शनें दिलीं. हेतु शुद्ध होता. परंतु सुया मोजक्या आणि माणसें अपार, त्यामुळें एकाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत गेलें. आणि त्या रक्ताबरोबर, ज्याला तेव्हां नांवही मिळालें नव्हतें, असा एक विषाणु गेला. पुढें हेपॅटायटिस सी या यकृताच्या रोगानें सर्वांत अधिक गांजलेल्या देशांत इजिप्तची गणना झाली, तिचें एक मोठें कारण ही परोपकाराची मोहीम होय. त्या शेतकऱ्यांना कोणीं दुराचारी म्हटलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. मात्र तीच अस्वच्छ सुई एखाद्या गर्दुल्ल्याच्या हातांत दिसली, कीं आपल्याला रोग दिसेनासा होतो आणि दुराचार तेवढा दिसूं लागतो.

हें मनांत येण्याचें निमित्त सांगतों. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळीं जमणाऱ्या मंडळींत एक निवृत्त गृहस्थ आहेत. सज्जन, वाचलेले, दानधर्मांतही मागें न राहणारे. व्यसनी माणसांकडून वापरलेल्या सुया परत घेऊन त्यांना नव्या सुया फुकट देणारीं केंद्रें आपल्या देशांतही आहेत, असें बोलण्यांत निघालें, तेव्हां ते म्हणाले, “म्हणजे चोराला शिडी पुरविण्यासारखेंच कीं!” इतर मंडळींनीं माना डोलावल्या. हा आक्षेप साऱ्या सुशिक्षित समाजाच्या मनांतला आहे, म्हणून त्याचें उत्तर ओट्यावर न देतां जरा विस्तारानें द्यावें असें मला वाटलें.

प्रथम त्या रोगाविषयीं थोडें सांगावयास हवें. हेपॅटायटिस सीचा विषाणु १९८९ सालीं सांपडला. त्या संशोधनाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु रक्तांतून रक्तांत जातो, आणि गेल्यावर वीस-वीस, तीस-तीस वर्षें बहुधा ब्रही काढीत नाहीं. माणूस हिंडतो, फिरतो, कामाला जातो, आणि आंत यकृत हळूहळू कठीण होत असतें. शेवटीं पोटांत पाणी होतें, रक्ताची उलटी होते, किंवा यकृतांत कर्करोग उद्भवतो. जगांत आज सुमारें पांच कोटि लोकांच्या अंगांत तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यावर लस नाहीं. वापरलेल्या पिचकारींत उरलेल्या रक्तांत तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. एका पिचकारीनें चार मित्रांनीं नशा केली, तर त्या पिचकारीला दोन महिन्यांची स्मरणशक्ति असते असें म्हणावयास हरकत नाहीं.

पूर्वीं या रोगावर इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें देत. उपचार सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत चाले. ताप, अंगदुखी, मनाची विलक्षण उदासी, हें सारें सोसूनही कित्येकांना गुण येत नसे. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर या गोळीला अमेरिकेंत मान्यता मिळाली आणि चित्र पालटलें. आतां आठ ते बारा आठवडे गोळ्या घेतल्या, कीं शंभरांतले पंचाण्णव रुग्ण पूर्ण बरे होतात. अमेरिकेंत त्या एका गोळीची किंमत आरंभीं हजार डॉलर होती. आपल्याकडच्या कारखान्यांनीं ती बनविण्यास आरंभ केल्यावर ती सामान्यांच्या आवांक्यांत आली. २८ जुलै २०१८ पासून तर भारत सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं हे उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळूं लागले.

इतकें झाल्यावर प्रश्न सुटला असें कोणालाही वाटावें. परंतु औषध असणें निराळें आणि औषध माणसाच्या पोटांत जाणें निराळें. या दोहोंमधलें अंतर किती लांब असूं शकतें, तें मीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या चाळींत एक मुलगा होता. त्याचें नांव सांगत नाहीं, कारण त्याची आई अजून हयात आहे. गॅलरींत चेंडू टाकतांना त्याचा हात असा वळे, कीं मोठीं माणसेंही कामें टाकून पाहत राहत. गिरण्या बंद पडल्या त्या सुमारास तो गर्द ओढूं लागला. पुढें तेंही परवडेना, तेव्हां औषधांच्या दुकानांतून मिळणारीं वेदनाशामक इंजेक्शनें तो आणि त्याचे दोन सोबती एकाच पिचकारीनें घेऊं लागले. चाळीनें एकेक दार लावून घेतलें. त्याच्या आईनें मात्र आपलें दार कधीं लावलें नाहीं. रात्रीं उशिरापर्यंत ती ताट झांकून बसलेली असे. २००३ सालीं त्याचे डोळे पिवळे झाले. एका मोठ्या रुग्णालयांत तपासणी झाली, रोगाचें नांव कळलें, आणि त्याला सांगण्यांत आलें, “आधीं सहा महिने सोडून दाखव, मग औषधाचें बघूं.” तो त्या दारीं पुन्हां गेला नाहीं. दोन वर्षांनीं, चाळिशीच्या आंतच, तो वारला.

तें उत्तर देणारे डॉक्टर क्रूर होते असें मी म्हणणार नाहीं. तो त्या काळचा सर्वमान्य नियमच होता. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या सभेनें १९९७ सालीं हाच सल्ला दिला होता, कीं व्यसन सुटून सहा महिने लोटल्याखेरीज हा उपचार सुरू करूं नये. २००२ सालीं तशाच सभेनें ती अट मागें घेतली. पण कागदावरून गेलेली अट माणसांच्या मनांतून जाण्यास फार वर्षें लागतात. त्या अटीमागचा तर्क वरवर पाहतां रास्त दिसतो: ज्याला स्वतःची पर्वा नाहीं, तो गोळ्या वेळेवर काय घेणार? आणि बरा झाला तरी पुन्हां तीच सुई टोंचून घेणार नाहीं कशावरून? या दोन प्रश्नांना अनुभवानें काय उत्तर दिलें, तें आतां पाहूं.

सुया बदलून देण्याची कल्पना कोणा सरकारच्या डोक्यांतून निघाली नाहीं. १९८४ सालीं अॅम्स्टरडॅम शहरांत नशा करणाऱ्यांच्याच एका संघटनेनें ती प्रथम अंमलांत आणली. आपल्या मित्रांत कावीळ पसरते आहे आणि स्वच्छ सुया मिळेनाशा झाल्या आहेत, हें त्यांना इतरांच्या आधीं दिसलें. १९८६ सालीं सिडनींत कांहीं डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कायदा मोडून असें केंद्र उघडलें, आणि मग कायद्याला त्यांच्यामागून जावें लागलें. पुढें एड्सच्या भयानें हीं केंद्रें अनेक देशांत निघालीं. भारतांत मणिपूर, दिल्ली, मुंबई अशा ठिकाणीं तीं चालत आलीं आहेत.

या केंद्रांचें काम सुई देण्यापुरतेंच असतें, असा समज आहे. मुंबईच्या ‘संकल्प’ या संस्थेची हकीकत त्याच्या उलट साक्ष देते. सुईनें नशा करणाऱ्यांत ती संस्था काम करीत आली. पेगिलेटेड इंटरफेरॉन हें तेव्हांचें मुख्य औषध. एका परदेशी कंपनीला त्याचें पेटंट भारतांत २००६ सालीं मिळालेलें, आणि सहा महिन्यांच्या उपचाराचा खर्च चार लाख रुपयांच्या वर. संकल्पनें त्या पेटंटाला हरकत घेतली. ती फेटाळली गेली, तेव्हां अपील केलें, आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजीं अपीलमंडळानें तें पेटंट रद्द केलें. पेटंटाच्या कज्ज्यांत बहुधा एका कंपनीपुढें दुसरी कंपनी उभी असते. येथें विचारण्यांत आलें, कीं या संस्थेचा या औषधाशीं संबंध काय? ज्या रुग्णांना हें औषध हवें आहे त्यांच्यासाठीं ती झटते, एवढा संबंध पुरेसा आहे, असें मंडळानें मानलें. ज्यांनीं रोज त्या माणसांचे हात पाहिले होते, तेच औषधासाठीं न्यायासनापुढें गेले, यांत मला तरी आश्चर्य वाटत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं मुंबईंतल्या अशाच एका केंद्रासाठीं सोप्या मराठींत माहितीपत्रक लिहून द्यावें, अशी विनंती मला एका परिचितानें केली. त्या निमित्तानें मी तेथें तीन-चार दुपारीं बसलों. रेल्वेच्या रुळांपासून जवळच एक खोली. बांक, पाण्याचें पिंप, जखमा बांधण्याचें सामान, आणि वापरलेल्या सुया टाकण्यासाठीं जाड प्लास्टिकची पेटी. वहींत नांवांऐवजीं आंकडे. येणारा माणूस आपल्या सुया पेटींत टाकी, नव्या घेई, आणि पुष्कळदां तेथेंच बांकावर घटकाभर बसून राही. तेथील कार्यकर्ता स्वतः एके काळीं त्याच वाटेनें गेलेला. मीं त्याला विचारलें, “हे लोक सरकारी रुग्णालयांत कां जात नाहींत? तेथें तर औषध फुकट आहे.”

तो हंसला. “काका, तिथं गेलं की पहिला प्रश्न, ‘सोडलंस का?’ इथं आम्ही विचारतो, ‘जेवलास का?’ मग बाकीचं तो आपणहून सांगतो.”

त्याच दुपारीं पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ आपल्या बोटाचें रक्त तपासून घेत होता. वर्षानुवर्षें टोंचून त्याच्या हातांच्या शिरा अशा बुजल्या होत्या, कीं रुग्णालयांत रक्त काढतांना होणारे हाल आणि बोलणीं यांच्या भयानेंच तो कधीं गेला नव्हता. येथें बोटाच्या एका थेंबावर भागलें. रोग निघाला. दुसऱ्या दिवशीं कार्यकर्ता स्वतः त्याच्याबरोबर रुग्णालयांत गेला; “एकटा गेला तर दारावरच्या शिपायाला बघूनच परत येईल,” असें त्याचें म्हणणें. पुढें मी पत्रकाचीं मुद्रितें घेऊन गेलों, तेव्हां त्या गृहस्थाचे आठ आठवडे पुरे झाले होते. गोळ्या केंद्राच्याच कपाटांत ठेवल्या होत्या, कारण पुलाखालीं त्या ठेवायला त्याला जागा नव्हती. औषधाचा शोध लावणाऱ्यांनीं पुष्कळ गोष्टींचा विचार केला असेल. ज्याला कपाट नाहीं त्यानें गोळ्या कोठें ठेवाव्या, याचा विचार मात्र या खोलींत झाला होता.

हें एका खोलीपुरतें झालें. हाच प्रयोग साऱ्या प्रांतावर झालेला पाहावयाचा तर स्कॉटलंडमधील डंडी शहराकडे वळावें लागतें. टे नदीच्या मुखाशीं वसलेलें हें शहर. एके काळीं बंगालच्या तागावर त्याच्या गिरण्या चालत. गिरण्या गेल्या, बेकारी आली, आणि तिच्या मागोमाग हेरॉइन आलें. ही ओळख आपल्या गिरणगांवाला नवी नाहीं. तेथील विद्यापीठांतले प्राध्यापक जॉन डिलन व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ च्या सुमारास ठरविलें, कीं रुग्ण रुग्णालयांत येत नसतील तर सुया मिळतात तेथेंच उपचार न्यावा. व्यसन चालूं असलेल्या, सुया बदलावयास येणाऱ्या माणसांनाच तेथें औषध देण्यास आरंभ झाला. औषध अजून तें जुनें, छळणारें इंटरफेरॉनच होतें; तरी दर पांचांतले सुमारें चार बरे झाले. ज्यांना स्वतःची पर्वा नाहीं असें जग म्हणत होतें, त्यांनीं महिनोन्‌महिने ताप आणि उदासी सोसून तो उपचार पुरा केला.

नव्या गोळ्या आल्यावर त्याच प्रांतांत आणखी एक परीक्षा झाली. सुया बदलावयास येणाऱ्या शंभरावर रुग्णांचे तीन गट केले. पहिल्यानें रोज केंद्रांत येऊन डोळ्यांदेखत गोळी घ्यावयाची. दुसऱ्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम हातीं दिल्या. तिसऱ्याला तशाच गोळ्या देऊन शिवाय कांहीं समुपदेशन केलें. तिन्ही गटांत बरे होणाऱ्यांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच, दहांत नऊच्या आसपास निघालें. ज्यांच्यावर पहारा होता ते आणि ज्यांच्यावर विश्वास टाकला ते, यांच्यांत रोग बरा होण्याच्या दृष्टीनें फरक उरला नाहीं. मला या परीक्षेचें मोल फार वाटतें. गोळी कोणी घ्यायला लावली, यापेक्षां गोळी ओळखीच्या जागीं, ओळखीच्या माणसाकडून मिळाली, हेंच तेथें कामास आलें असावें.

सुयांचीं केंद्रें, औषधविक्रेत्यांचीं दुकानें आणि तुरुंग अशा सर्व ठिकाणीं उपचार नेल्यामुळें टेसाइड प्रांतानें, रुग्णांतल्या शेंकडा नव्वदांचें निदान आणि ऐंशींवर उपचार, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०३० सालासाठीं ठरविलेलें उद्दिष्ट २०२० च्या सुमारासच गाठलें. ऑस्ट्रेलियानें तर मार्च २०१६ पासून, व्यसन चालूं आहे कीं नाहीं याची चौकशी न करतां, सर्व प्रौढ रुग्णांना सरकारी खर्चानें औषध खुलें केलें.

आतां दुसरा प्रश्न: पुन्हां रोग झाला तर? होतो, कांहींना होतो. बरे झाल्यावरही सुई न सुटलेल्या शंभर माणसांमागें वर्षाला सुमारें सहा जणांना तो पुन्हां होतो, असें अनेक पाहण्यांच्या एकत्रित हिशोबांत दिसतें. पण येथेंच स्वच्छ सुईचें आणि गोळीचें नातें कळतें. गोळी रक्तांतला विषाणु काढते. तो परत येऊं नये याची राखण स्वच्छ सुई करते. एक दुसरीवांचून अपुरी आहे. शिवाय जो बरा झाला त्याच्याकडून पुढच्या कोणाला रोग जात नाहीं, म्हणून एकाचा उपचार त्याच्या साऱ्या टोळक्याचा बचाव ठरतो. २०१७ सालच्या एका मोठ्या समीक्षणांत आढळलें, कीं सुयांचा भरपूर पुरवठा आणि नशेऐवजीं वैद्यकीय देखरेखीखालीं दिलें जाणारें पर्यायी औषध, हीं दोन्ही मिळालीं तर हा रोग नव्यानें जडण्याचा धोका शेंकडा ७४ नें घटतो.

आणि त्या शिडीचें काय? अमेरिकेंतील सिएटल शहरांत झालेली एक पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांनीं सुया बदलण्याच्या केंद्रांत कधींच पाऊल टाकलें नाहीं त्यांच्या मानानें, तेथें नव्यानें येऊं लागलेले लोक व्यसनमुक्तीच्या उपचाराकडे वळण्याची शक्यता पांचपट होती. माझ्या स्नेह्यांची शिडीची उपमा मी मोडीत काढूं इच्छीत नाहीं. मात्र ती शिडी विहिरींत पडलेल्याला सोडलेली आहे. तो आज पहिल्याच पायरीवर बसून राहील, उद्यां कदाचित् खालीं घसरेलही. पण शिडी काढून घेतल्यानें विहिरींतून वर आलेला कोणी माझ्या ऐकिवांत नाहीं.

महाराष्ट्राला हा वाद नवा नसावा. १८६३ सालीं पुण्यांत महात्मा फुल्यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें, चौकशी नाहीं. अनीतीला आसरा दिला, असें त्या वेळीं म्हणणाऱ्यांचा तोटा नव्हता. १९२१ सालीं र. धों. कर्व्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हांही हेंच ऐकूं आलें. त्या दोघांनींही ‘आधीं सुधारा, मग या’ असें म्हटलें नाहीं. जीव धोक्यांत आहे तोंवर दार उघडें राहिलें पाहिजे, एवढेंच त्यांनीं पाहिलें. आज त्या दोघांचीं नांवें आपण आदरानें घेतों. त्यांच्या दारांत उभ्या राहिलेल्या माणसांविषयीं तेव्हांच्या सभ्य समाजाला काय वाटत होतें, हें मात्र आपण विसरतों.

आपल्या देशांत औषध आहे, तेंही फुकट. सुया बदलून देणारीं केंद्रेंही आहेत. कमतरता आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या वाटेची. बोटाच्या थेंबावर होणारी तपासणी केंद्रांतच व्हावी. रुग्णालयांतला डॉक्टर आठवड्यांतून एक दुपार तेथें येऊन बसावा. गोळ्या त्याच कपाटांतून मिळाव्या. यांतलें कांहींच खर्चाचें नाहीं. ज्या रोगानें शेवटीं रुग्णालयांतली खाट महिनोन्‌महिने अडवावयाची, तो बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं जाणार असेल, तर शुद्ध व्यवहाराच्या दृष्टीनेंही यांत बचतच आहे. पण हिशोबाची गोष्ट मीं मुद्दाम शेवटीं ठेवली. आमच्या चाळींतल्या त्या माउलीला हा हिशोब कळला नसता. आपल्या मुलाला एक दार उघडें सांपडावें, आणि तेथें त्याला आधीं जेवणाचें विचारावें, एवढेंच तिला पुरलें असतें.